दादाच्या हातातले दोन दोर

आम्ही भोई. अरुणावतीच्या काठावर, दिग्रसच्या खालच्या अंगाला आमचं गाव. बाप वारला तेव्हा दादाचं लग्न झालं होतं, माझं व्हायचं होतं. बापामागे उरलं ते एक मोठं सुताचं जाळं. ते जाळं एकट्याला झेपत नसे, म्हणून माझं लग्न झाल्यावरही आम्ही भाऊ वेगळे झालो नाही. माय, दादा, वहिनी, त्यांची लेकरं आणि आम्ही नवराबायको, सगळे त्या जाळ्यावर जेवत होतो.

छप्पन सालच्या दसऱ्याला गावोगावच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांतली माणसं नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. आमच्या घरात त्याची चर्चा नाक मुरडून होत असे. पण खरी काळजी नदीची होती. दसरा झाला तरी पाणी खाली बसेना. वर वाशिमकडे पाऊस पडायचा आणि इथं लख्ख ऊन असताना नदी चढायची. सकाळी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस दुपारी तिकडेच अडकून पडायचा. शेतात फुटलेला कापूस भिजून काळा पडत होता. नवरात्र संपल्यामुळे लोक पुन्हा मासळी मागू लागले होते आणि आमचं जाळं खुंटीवर कोरडं होतं.

पाणी चढू लागलं की मासा मधली धार सोडतो आणि नाल्याच्या तोंडाशी, संथ पाण्यात येऊन थांबतो. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी दादा म्हणाला, चल. माझ्या अंगात कणकण होती. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची रीत नव्हती, म्हणून माझ्या बायकोनं वहिनीकरवी विचारलं की पाणी आणखी चढलं तर काय करायचं. दादानं आभाळाकडे बोट दाखवलं. ढगाचा ठिपका नव्हता.

नाल्याच्या तोंडावर जाळं आडवं लावायचं होतं. पलीकडचं टोक घेऊन मी पाण्यात उतरलो. माझ्या कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक दादाच्या एका हातात. जाळ्याचा दोर दुसऱ्या हातात. दोर झाडाला बांधून चालत नाही, पाण्याची ओढ पाहून ढील द्यावी लागते. पाणी छातीला लागलं तेव्हा जाळ्यात मासा धडका देऊ लागला. मरळ, वाम, मोठाले रोहू. इतका मासा मी बापाच्या काळातही पाहिला नव्हता.

मग पाण्याचा रंग बदलला. काडीकचरा आला, पिवळा फेस आला आणि पायाखालची वाळू सरकली. मी ओरडलो, "दादा, ओढ!"

जाळं माशानं भरलेलं होतं आणि पाण्यानं ते धारेकडे नेलं. मीही त्याच बाजूला ओढला गेलो. दादाचे दोन्ही हात ताणले होते, तो काठावरून घसरत पुढे येत होता. त्यानं आधी जाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला त्याचे डोळे दिसले. आणि माझा दोर ढिला पडला.

पुढं बरंच अंतर मी कधी पाण्यावर, कधी पाण्याखाली वाहत गेलो. खालच्या गावाजवळ एक बाभूळ अर्धी बुडाली होती, तिच्या फांद्यांत अडकलो. काटे अंगभर रुतले, पण त्यांनीच धरून ठेवलं. दिवस मावळायला आला होता. काठावरून एका माणसानं पाहिलं आणि तो स्वतःला दोर बांधून, दोन गड्यांना धरायला सांगून, पाण्यात आला. वयानं माझ्याहून थोडा मोठा असेल. त्यानं मला घरी नेलं, शेकोटीजवळ बसवलं. त्याच्या बायकोनं भाकर आणि चटणी वाढली. मी खायला हात घालणार तोच तो म्हणाला, "थांब. आमी त्या वस्तीतले. आता दसऱ्याले बौद्ध झालो. तुले चालत असन तरच खाय."

मी खाल्लं. इतकी चांगली भाकर त्याआधी कधी खाल्ली नव्हती.

सकाळी पाणी उतरलं तसा मी चालत घरी आलो. अंगणातल्या कुंपणावर जाळं वाळत घातलेलं होतं. एक धागा तुटला नव्हता. बायकोनं मला पाहिलं आणि धावत येऊन माझे दोन्ही हात धरले. नंतर तिच्याकडून कळलं की आदल्या संध्याकाळी दादा जाळं खांद्यावर घेऊन आला, ते नीट पसरलं, मासे टोपल्यात काढले आणि मगच सांगितलं की धाकट्याला पाण्यानं नेलं.

दादा मला म्हणाला, "हात घसरला माहा."

माय रडत होती, माझ्या तोंडावरून हात फिरवत होती. रात्र कुठं काढली ते मी सांगितलं, तसा तिनं हात मागे घेतला. मला दारातच थांबवून तिनं अंघोळीला पाणी काढलं. एवढ्या पाण्यातून आलो होतो, तरी पुन्हा अंघोळ करूनच मला घरात घेतलं. मग मी तिला सांगितलं की दादाचा हात घसरला नव्हता. ती हळूच म्हणाली, "जाळं गेलं असतं तर लेकराइले काय खाऊ घातलं असतं त्यानं?"

त्यानंतरही वर्षभर मी दादाबरोबर मासे धरले. दुसरं काही येत नव्हतं. पुढच्या दसऱ्यानंतर नदी पुन्हा तशीच, उन्हात चढली. दादा म्हणाला, चल. आम्ही त्याच नाल्यावर गेलो. मी म्हणालो, "आज तू उतर. दोर मी धरतो."

तो काठावर उभा राहिला. पाण्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं जाळं गुंडाळलं आणि घराकडे चालू लागला. मी सोडणार नव्हतो. पण मी धरीन असं त्याला वाटलं नाही.

महिन्याभरात आम्ही नवराबायको दिग्रसला आलो. मी जिनिंगमध्ये लागलो. नाकातोंडात रुई जायची, सरकीच्या वासानं डोकं चढायचं, पण पायाखाली जमीन होती. ज्यानं मला पाण्यातून काढलं तो बाजाराला आला की माझ्याकडे यायचा. आम्ही एका ताटात जेवायचो.

एकदा माय भेटायला आली, तेव्हा तो बसलेलाच होता. हाच तो माणूस, असं मी तिला सांगितलं. तिनं त्याला हात जोडले, पोरगा वाचवला म्हणाली. तो गेल्यावर माझ्या बायकोनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मायनं तो बाजूला सारला, तहान नाही म्हणाली आणि दुपारच्या मोटारीनं परत गेली.

पुढं ती अनेकदा आली. पिशवीत भाकर आणि बाटलीत पाणी घरून घेऊन यायची. माझ्या घरचं पाणीही प्यायची नाही. मेली ती दादाच्याच घरी, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून.