हिंदुरावांनी नापास केलेली रोपं

आमच्या ह्यांचं नाव हिंदुराव. तीस वर्षांपूर्वी आम्ही आजऱ्याहून पुण्याजवळ काळेवाडीत आलो. त्यातली सव्वीस वर्षं ह्यांनी चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासले. माल पास करायचा, नाहीतर लाल चिठ्ठी बांधायची, एवढंच काम. रिटायर झाले, पण डोळा काही रिटायर झाला नाही. भाजीवाल्याचे टोमॅटो नापास करतात, माझी भाकरीसुद्धा. मी म्हणते, खायची तर खा, नाहीतर चिठ्ठी बांधून ठेवा.

आमची मुलगी मैत्री पुण्यात भाताच्या करप्यावर संशोधन करते. करपा म्हणजे बुरशीचा रोग, उभं पान जाळून टाकतो. गेल्या ऑगस्टात तिच्याकडच्या ग्रीनहाऊसची मोटर जळली, म्हणून सरांना विचारून तिनं चोवीस कुंड्या आमच्या गच्चीवर आणल्या. रोपांवर बुरशी आधीच फवारलेली. "आई, काळेवाडीत भात आहेच कुठे लागण व्हायला?" म्हणाली. अर्धी रोपं तिनं दोन वर्षं खपून निवडलेल्या वाणाची, अर्धी साधी. कुठली कुठे, ते कुंडीच्या नंबरानुसार फक्त तिच्या वहीत लिहिलेलं. त्या वाणाचं बी संपलेलं. ही बारा रोपं गेली की दोन वर्षं पाण्यात, आणि डिसेंबरात तर तिची फेलोशिपच संपणार.

"पप्पा, दोन वेळा पाणी फवारा. पाच दिवस हात लावू नका," असं बजावून ती कामासाठी दापोलीला गेली.

हात लावू नका म्हणे. सांगतेय कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे भिंग घेऊन गच्चीवर. काही पानांवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके. झालं. "डागी माल चांगल्यात ठेवला की सगळा लॉट जातो," म्हणत रोप उपटलं आणि कुंडीचा नंबर लिहून लाल चिठ्ठी बांधली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारा रोपं क्रेटमध्ये. फेकली मात्र नाहीत. दुसऱ्याची सही झाल्याशिवाय नापास माल भंगारात जात नाही, हा कंपनीतला नियम. सही मैत्रीची व्हायची होती. पण मुळं उघडी पडलेली रोपं मला बघवेनात. आम्ही भाताच्या गावचे. क्रेटमध्ये प्लास्टिक अंथरलं, चिखल केला आणि सगळी खोचली. "नापास मालाला पाहुणचार कसला?" हे म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी मैत्री आली. चिठ्ठ्यांवरचे नंबर वहीशी ताडून पाहिले. "पप्पा, बाराही माझीच रोपं," म्हणाली आणि रडायला लागली. ह्यांचा चेहरा पार उतरला.

"डाग होते गं त्यांच्यावर."

डोळे पुसून तिनं समजावलं. "करप्याशी लढणारी जनुकं दोन्ही भातांत आहेत. ती कधी चालू होतात, यात फरक आहे. कायम चालू राहिली तर रोप खुरटतं, दाणा भरत नाही. म्हणून एरवी ती बंद असतात. माझ्या वाणात बुरशी पानात शिरली की लगेच चालू होतात, आणि रोप तिच्याभोवतीच्या स्वतःच्याच चार पेशी मारून टाकतं. बुरशीला खायला काही उरत नाही. तो डाग म्हणजे रोपानं केलेला बंदोबस्त आहे. साध्या भाताला जाग येते उशिरा."

"म्हणजे बिघाड दिसला आणि रोपांनी स्वतःच लाइन थांबवली," हे हळूच म्हणाले.

"हो, आणि तुम्ही थांबवणाऱ्यालाच घरी पाठवलंत." मला हसू आवरेना, मग तिलाही.

आठव्या दिवशी कुंड्यांत उरलेल्या स्वच्छ रोपांवर डोळ्याच्या आकाराचे राखाडी डाग पसरले, पानं करपली. क्रेटमधल्या रोपांवरचे ठिपके मात्र होते तेवढेच, आणि प्रत्येकाला नवं पान फुटलेलं. चिठ्ठ्यांवर ह्यांनी तारीख, वेळ, डागांची संख्या, सगळं लिहिलं होतं. मैत्री ते वाचतच राहिली. "मी पाचव्या दिवशी बघणार होते. कुठलं रोप आधी जागं झालं, ते कळलंच नसतं," म्हणाली. "उपटल्यामुळे हा प्रयोग धरता येणार नाही, परत करावा लागेल. पण बी वाचलं, पप्पा."

मग तिनं चिठ्ठ्या ह्यांच्यापुढे ठेवल्या. ह्यांनी खिशातलं पेन काढलं. डागी मालावर ह्यांनी आजवर कधी पास लिहिलं नव्हतं, माझा सख्खा भाऊ कंपनीला माल पुरवायचा, त्याच्या मालावरसुद्धा नाही. तो अजून त्यावरून धुसफुसतो. त्या दिवशी बारा वेळा लिहिलं. बारावी चिठ्ठी झाल्यावर मैत्रीकडे न बघताच म्हणाले, "चूक माझी होती, पोरी."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.