अँजिओग्राफीच्या खोलीतला पंखा

यातलं कुठलं वाक्य नेमकं कोण बोललं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझी छाती ठोकण्याच्या लायकीची राहिलेलीही नाही! जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण वर्गातला एक किस्सा धड आठवत नाही. हृदयाची एक तपासणी काय निघाली, आठवड्याभरात पोतंभर किस्से जमले.

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "अँजिओग्राफी करावी लागेल. ब्लॉकेज निघालं तर लगेच स्टेंट. उशीर करू नका, सर. धोका आहे."

मी विचारलं, "त्यात चूक होण्याची शक्यता किती?"

"कुणाची? मशीनची की आमची?"

"माझी! टेबलावर माझ्याकडून काही चुकलं तर?"

डॉक्टर हसले. "सर, तुम्हाला नुसतं गप पडून राहायचंय."

"तेच तर जमत नाही हो!"

*

लेक लातूरला असते, म्हणून तिथलं हॉस्पिटल ठरलं. बातमी फुटली आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले वकीलसाहेब सफरचंदं घेऊन आले.

"काय घाबरता सर? आमच्या साडूचं बी सेम असंच होतं. सेम!"

मला जरा धीर आला. "मग आता कसे आहेत ते?"

वकीलसाहेबांनी पिशवीकडे पाहिलं. एक सफरचंद काढून माझ्या हातात दिलं.

"खाऊन बघा. लई गोड हायेत."

*

त्या रात्री मी बायकोला समोर बसवलं. म्हटलं, "माझं काही बरंवाईट झालं तर घरातल्या गोष्टी तुला माहीत पाहिजेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत वेळच्या वेळी पाणी घालावं लागतं."

"मीच घालते."

"गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो."

"मीच फिरवते."

मी तिसरं काहीतरी आठवायला लागलो. मग तीच म्हणाली, "तुम्ही नसलात तर कोणतं काम अडेल ते आठवा. सकाळपर्यंत वेळ आहे!"

*

सकाळी मी ठरवून टाकलं, जायचं नाही. वॉकनंतर चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "दसऱ्यानंतर बघू."

सगळे चहात बघायला लागले. व्यंकटराव मात्र मला हाताला धरून बाजूला घेऊन गेले. मूळचे देवणीचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आवाज असा, की कुजबुजले तरी रस्त्यापलीकडं ऐकू जावं.

"सर, कुणाला सांगू नका. माझी झालीय ती."

"काय?"

"अँजिओग्राफी! पुण्याला लेकाकडं गेलतो तवा. घरात बी कुणाला म्हाईत न्हाई."

मी बघतच राहिलो. "मग? कसं असतं?"

"लई सोपं. मनगटात सुई टोचत्यात. वर पंखा आसतोय. त्याच्याकडं बघत पडायचं. बास! मी न्हाई का धडधाकट हुभा तुमच्या म्होरं?"

मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "बॅग भर."

*

तरी लातूरच्या वाटेवर अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा माझा धीर पुन्हा सुटला. सहज बोलल्यासारखं म्हणालो, "इथून परतही फिरता येतं, नाही का?"

"येतं की," बायको म्हणाली. "बस मिळेल तुम्हाला. मी गाडी घेऊन लेकीकडं चाललेय!"

*

टेबलावर आडवा झालो आणि आधी वर पाहिलं. पंखा नव्हता! मोठं मशीन, दिवे, पांढरं छत. पंख्याचा पत्ता नाही.

"सिस्टर, पंखा?"

"एसी आहे काका. गरम होतंय का?"

"नाही. बघायला पाहिजे होता."

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मी छत धुंडाळत राहिलो. व्यंकटराव पंखा म्हणाले होते की दिवा? माझंच ऐकण्यात काही चुकलं? की पुण्यात पंखे असतात? हा घोळ सुटायच्या आत डॉक्टर म्हणाले, "झालं, सर. एक स्टेंट टाकलाय."

परत आल्यावर व्यंकटरावांना विचारायचं होतं. पण आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं वाटून राहून गेलं.

*

त्यानंतर काही वर्षांनी व्यंकटरावांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना मीच लातूरला घेऊन गेलो, त्याच हॉस्पिटलात. ते हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर पडले होते. त्यांचा तो आवाज पार खाली गेला होता.

एक तरुण डॉक्टर आले. "काका, याआधी कधी अँजिओग्राफी झालीय? इथं, पुण्यामुंबईला, कुठंही?"

व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"न्हाई. पयलीच."

स्ट्रेचर हललं तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सर, खरं सांगा. आत कसं आसतंय हो?"

"लई सोपं," मी म्हणालो. "वर पंखा असतो. त्याच्याकडं बघत पडायचं."