पिवळा नवरदेव

मुलाने मला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तो नोकरीवर पुण्याला निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बाबा, बाकी काही बी करा, पण सेटिंगमध्ये जाऊ नका." हे त्याने सांगायलाच नको होतं. घाटंजीसारख्या गावात रिटायर माणसाला बदलता येईल असं फारसं काही उरत नाही. नळाची वेळ बदलत नाही, शेजारी बदलत नाही, बायकोचं माझ्याबद्दलचं मत तर मुळीच बदलत नाही. आणि इथे एक यंत्र असं, की एक पट्टी सरकवली की मुकाट्याने रूप बदलतं. नोकरीत एवढ्या वर्षांत माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

आधी मी अक्षरं मोठी केली. इतकी मोठी, की ती परत लहान करायचं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी टेबलाच्या पोटात गेलं. मग एकदा दोन-तीन बटणांवर एकदम बोटं पडली आणि अख्खं चित्र उलटं झालं. मी डोकं न चालवता मॉनिटरच उलटा करून भिंतीला टेकवला आणि पेपर वाचत बसलो. बायको चहा घेऊन आली, दारातच थांबली.

"आता खुर्ची बी उलटी टांगून देऊ का तुमची?"

दोन्ही वेळा मुलाने फोनवरून मला बाहेर काढलं. पण माणूस विहिरीत पडून वर आला की त्याला आपण पोहायला शिकलो असं वाटायला लागतं. माझं तेच झालं. नातेवाइकांत मी कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणून बोलू लागलो.

त्याच भरात मला नाइट लाइट सापडला. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडद्याचा रंग जरा उबदार करायची ही सोय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तसं सुचवलंही होतं. त्यात एक पट्टी असते, थोडी सरकवली तर थोडा पिवळेपणा. पण आम्ही वऱ्हाडातली माणसं, रश्श्यावर थोडी तर्री घेऊन उठणं आम्हाला ठाऊक नाही. मी पट्टी पार टोकाला नेली. आणि रात्रीच कशाला, डोळे तर दिवसाही आपलेच असतात, म्हणून चोवीस तास चालू ठेवली.

"पडद्यावर हळद सांडल्यावानी दिसते," बायको म्हणाली.

"तुह्या डोळ्याले सवय नाही. हे शास्त्रीय हाय."

सवय मात्र मला झाली. काही आठवड्यांनी मला तो पिवळेपणा दिसेनासाच झाला आणि पुढे पट्टीचा विसरही पडला.

आता मुख्य गोष्ट. माझा मोठा भाऊ गावाजवळ शेती करतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, घाटंजीच्याच एका शाळेत शिकवते. तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं, आणि ती एकेक मोडून काढत होती. एक जण फार बोलतो, एक जण मुळीच बोलत नाही, एकाने पहिल्याच भेटीत हिला स्वयंपाकाचे प्रश्न विचारले. वहिनीने आशा जवळजवळ सोडलीच होती. तेवढ्यात दारव्ह्याचं एक स्थळ आलं. मुलाचं बी-बियाण्यांचं, खतांचं दुकान. दोघांचं फोनवर बोलणं झालं, आणि वहिनीने दाराआडून ऐकलं की पोरगी हसली. दुसऱ्या दिवशी पोरगी आपणहून म्हणाली, "पाहाले येऊ द्या त्याईले." आमच्या घरात यावर फक्त साखर वाटायची बाकी राहिली होती.

दादा, वहिनी आणि पुतणी माझ्याकडे आले ते त्या मुलाचा फोटो मोठा करून पाहायला. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच निरोप धाडला होता, की फोनवरच्या टिचभर फोटोवर पोरगी देऊ नका, माझ्याकडे या.

फोटो उघडला. सगळे टेबलाभोवती उभे राहिले.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "हा पोरगा असा पिवळा काहून दिसते?"

आता मीही नीट पाहिलं. खरंच, पांढऱ्या शर्टावर चेहरा पिवळसर होता. शर्टही पिवळसर होता, पण तो मी धुलाईच्या खात्यात टाकला.

"फोनवर तर चांगला दिसते, काका," पुतणी म्हणाली.

हाच तो क्षण. मला गप्प बसता आलं असतं. पण जाणकार माणूस गप्प कसा बसेल?

"बाई, फोन चेहऱ्याले पावडर लावूनच दाखवते. खरा रंग पाहाचा तर असा मोठा पडदा लागते, अन् तो बी बरोबर सेट केलेला. हा मी स्वतः सेट केला हाय." मग खुर्चीत मागे रेलून मी निदान सांगितलं, "मले तर हे कावीळ वाटते."

दादाचं तोंड पडलं. वहिनी खाली बसली. पुतणी मात्र पडद्याकडे न पाहता माझ्याकडेच पाहत होती. "काका, तुमचाच कॉम्प्युटर एकदा डॉक्टरले दाखवा," ती म्हणाली. मला तो पोरकटपणा वाटला.

दारव्ह्याला माझा एक जुना सहकारी राहतो. त्याला फोन करून सांगितलं, की यार, गुपचूप दुकानात जा, पोराचे डोळे पांढरे की पिवळे तेवढं पाहून ये. गुपचूप या शब्दाशी त्याची ओळख नव्हती हे मी विसरलो होतो. तो बाजाराच्या दिवशी गेला. सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारता विचारता काउंटरवर वाकला आणि म्हणाला, "जरा वर पाह्य बरं. आता खाली पाह्य." पोरगा बिचारा वर-खाली पाहत राहिला. तेवढ्याने खात्री पटली नाही म्हणून हे महाशय शेजारच्या चहाच्या टपरीवर गेले आणि विचारलं, "या दुकानवाल्याले कावीळ कधीपासून हाय?"

रात्री त्याचा फोन आला. "डोळे पांढरेशुभ्र हाय, भाऊ. पोरगा एकदम ठणठणीत. फक्त मले पाहून जरासा घाबरला."

मी दादाला कळवलं, की डोळे पांढरे आहेत, पण सुरुवातीला तसे असू शकतात. वैद्यकातही माझा हात कॉम्प्युटरइतकाच बसलेला होता.

नंतर पुतणी तिचा स्वतःचा फोटो बायोडाटावर लावायचा म्हणून आईला घेऊन आली. मी फोटो उघडला मात्र, वहिनी किंचाळली, "बाई! माह्या पोरीले बी लागली?"

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, आता तुमचा उघडा."

माझा उघडला. पिवळा. बायकोचा उघडला. ती तर साक्षात हळदीच्या मांडवात बसल्यासारखी. आमच्या लग्नाचा जुना फोटो उघडला, तर वऱ्हाडासकट सगळ्यांना कावीळ, भटजींनासुद्धा.

"मी कधीची सांगून राह्यली," बायको म्हणाली, "हळद सांडली म्हणून. पण माह्या डोळ्याले सवय नाही ना!"

मी सेटिंगमध्ये गेलो आणि नाइट लाइट बंद केला. पडदा असा पांढरा फटफटीत झाला की सगळ्यांनी डोळे मिचकावले. मग दारव्ह्याच्या मुलाचा फोटो परत उघडला. चांगला गहूवर्णी, हसऱ्या डोळ्यांचा पोरगा. पुतणी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

नेमका त्याच संध्याकाळी, दादा दोघींना न्यायला माझ्याकडे आला असताना, त्याला दारव्ह्याहून फोन आला. मुलाचे वडील म्हणत होते, पोराची तब्येत बरी नाही, अख्खा बाजार म्हणून राह्यला की त्याले कावीळ हाय, तर आता लग्नाचं राहू द्या, पुढं पाहू. आम्ही नाही म्हणायच्या आधी त्यांनीच नाही म्हटलं होतं, तेही मीच काढलेल्या आजारावरून!

मी फोन घेतला आणि सांगू लागलो की तुमच्या मुलाला काही झालेलं नाही.

"तुम्हाले कसं माहीत?"

"माह्या कॉम्प्युटरवर तो पिवळा दिसला होता म्हणून."

यावर त्यांचा विश्वास बसेना. मग मी पुरावा द्यायचं ठरवलं. नाइट लाइट परत चालू केला, पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि त्यांना पाठवला. त्यांचा उलटा फोन आला, "हा फोटो तर चांगला दिसते. मंग तुम्हाले पिवळा कसा दिसला?" तेव्हा मला कळलं की स्क्रीनशॉटमध्ये तो पिवळेपणा उतरतच नाही. जगात तो फक्त माझ्या टेबलावर होता.

"चला," दादा म्हणाला. दादा कमी बोलतो, म्हणून त्याची भीती वाटते. "उचल तुहा डबा. तूच केलं, तूच दाखव."

आणि अशा रीतीने मी, दादा, वहिनी, बायको, पुतणी आणि माझा कॉम्प्युटर यवतमाळमार्गे दारव्ह्याला निघालो. शेवटच्या टप्प्याला काळी-पिवळी जीप मिळाली. तिच्या रंगावरून बायकोने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मॉनिटर माझ्या मांडीवर, डबा पायांत. ड्रायव्हरने त्याचंही एका सीटचं भाडं लावलं. अर्ध्या रस्त्यात मला सुचलं की पडद्याचा फोटो फोनने काढून पाठवला असता तरी भागलं असतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

मुलाच्या घरी पोचलो तर पोरगा ओसरीवर बसलेला, गळ्यात काविळीची माळ. आमच्याकडे एका वनस्पतीच्या काड्यांची ही माळ रोग्याला घालतात. ती सैल होत लांबत जाते आणि पायापर्यंत आली की रोग उतरला असं धरतात. त्याची बेंबीपर्यंत आली होती. समोर उसाच्या रसाचा पेला.

"रक्ताचा रिपोर्ट चांगला आला," तो हताशपणे म्हणाला, "पण आई मानत नाही. भाजी नाही, तेल नाही, तिखट नाही. नुसतं वरणभात, अन् हा रस."

"माळ लांबून राह्यली नं!" आई कडाडली. "रोग नसता तर लांबली असती का?"

मी कॉम्प्युटर जोडला. घरातले, शेजारचे, सगळे जमले. मुलाचा फोटो उघडला आणि नाइट लाइट चालू केला. आईने छातीवर हात ठेवला. मी समजावायला लागलो, रंगाचं तापमान, डोळ्यांचं आरोग्य, आणि पुतणीने माझ्या हातातून माउस काढून घेतला.

"काका, तुम्ही थांबा. मावशी, तुम्ही या. ही पट्टी धरा अन् इकडून तिकडं न्या."

आईने पट्टी धरली. टोकाला नेली, पोरगा पिवळा. मागे आणली, पोरगा बरा. परत पिवळा, परत बरा. बराच वेळ ती आपल्या मुलाला आजारी पाडत आणि बरं करत राहिली. मग तिने माउस ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"म्हणजे या पट्टीपायी मी माह्या लेकराले उपाशी मारलं?"

"अं... हो."

"अन् तो डोळे पाहाले आलेला बुवा?"

"तो माह्या ओळखीचा."

"तुम्ही करता तरी काय, भाऊ?"

"रिटायर हाय," बायकोने परस्पर उत्तर दिलं. आईने असं डोकं हलवलं, जणू आता सगळा उलगडा झाला.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. वहिनी आणि माझी बायकोही मागोमाग गेल्या. थोड्या वेळाने पानं वाढली गेली. बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा. माळ काढून खुंटीला अडकवून तो पोरगा असा जेवायला बसला की काय सांगू. तिसऱ्या घासाला त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, कान लालबुंद.

"काका," पुतणी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता लाल दिसून राह्यला. पाठवता का कोणाले पाहाले?"

पोरगा हसला आणि पुन्हा ठसकला. त्याचे वडील हसले. दादासुद्धा हसला. त्याला मी शेवटचा कधी हसताना पाहिलं होतं ते मला आठवत नाही. मुलाची आई रश्श्याचं भांडं घेऊन पुतणीजवळ आली आणि उभीच राहिली. विचारलं ते एवढंच.

"तुले एवढं तिखट चालते का वं?"

पुतणीने वर पाहिलं. आधी त्या बाईकडे, मग समोर, डोळे पुसणाऱ्या त्या पोराकडे.

"चालते," ती म्हणाली.

आईने तिची वाटी काठोकाठ भरली. वहिनीने दादाकडे पाहिलं, दादाने मुलाच्या वडिलांकडे. या प्रसंगाला शोभतील असे दोन शब्द बोलावेत म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने माझ्या पानात आणखी एक भाकर टाकली.