राखीच्या डब्यात घातलेलं घड्याळ

पाचोरा स्टेशनात गाडी सुटता सुटता भाऊनं माझ्या बॅगेत कळण्याच्या पिठाची पिशवी कोंबली, तेव्हा मी त्याच्यावर डाफरलेच. कॅनडात अडवलं तर काय करू? तो म्हणाला, पीठच तर आहे, त्याला कोण अडवतो! आणि खरंच कुणी अडवलं नाही. तिकडच्या अधिकाऱ्यानं फक्त किंमत विचारली. मी ओशाळून म्हणाले, याला काही किंमत नाही. भाऊनं स्वतः गिरणीत उभं राहून ज्वारी-उडीद दळून आणलं होतं.

भाऊ माझा थोरला भाऊ. बसस्टँडमागे त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तो आणि वहिनी. मी तिथे नसले तरी त्याची ओवाळणी चुकत नाही. दर राखीला एक साडी आणतो, व्हिडिओ कॉलवर दाखवतो आणि वहिनीच्या कपाटात माझ्या कप्प्यात ठेवतो. मी आले की न्यायची.

दोन वर्षांपूर्वी मला हुक्की आली. धुळ्याची चुलत बहीण एका लग्नात सगळ्यांदेखत बोलली होती, एवढी परदेशात गेली, भावाच्या हातावर काय ठेवलं? ते मला फार झोंबलं होतं. म्हणून सेलमध्ये घड्याळ घेतलं, राखीच्याच डब्यात घातलं आणि वर सेलची नाही, मूळची भलीमोठी किंमत लिहिली. पोस्टात चारचौघं वाचतील, गावभर होईल, हाच हिशोब. आई म्हणायची, "दिलेलं बोलून दाखवू नये." मी तर डब्यावर लिहून दाखवलं.

त्या राखीला कॉलवर साडी दिसली नाही. माझ्याकडे मैत्रिणी जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी भाऊची फिरकी घेतली, काय रे, यंदा बहिणीची ओवाळणी बुडवलीस की काय? तो हसला.

"तुले पहिलेच दिधी ना," एवढंच म्हणाला. मला वाटलं, कसली आधीच दिली, विसरलाय आणि आता वेळ मारून नेतोय.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. कप्पा उघडला तर साड्यांच्या मधोमध ते घड्याळ, डब्यातून बाहेरही न काढलेलं. वहिनी सांगायला तयार नव्हती, पण मी खनपटीलाच बसले. मग कळलं. परदेशातून येणाऱ्या राखीला कर माफ असतो, राखीबरोबरच्या भेटवस्तूला नाही. मी मिरवायला लिहिलेल्या किमतीवर कर लागला होता. माझ्या साडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, वर दुकानाच्या गल्ल्यातलेही गेले. पोस्टमननं सांगितलं होतं, नको असेल तर घेऊ नका, डबा परत जाईल. पण राखीही त्याच डब्यात होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच दुकानात गेले आणि विचारलं, परत का नाही पाठवलंस रे? हातातला पाना न थांबवता भाऊ म्हणाला, "बहिननी राखी शे. परत कशी धाडू?"

मग त्यानंच विचारलं, यावेळी पीठ नेशील ना?

पीठ आणलं, साड्याही आणल्या. यंदाची राखी साध्या पाकिटातून पाठवली, नुसतीच. तुम्ही कुणी बाहेरून पाठवत असाल तर तशीच पाठवा. घड्याळ अजून तिथेच आहे. भाऊ ते घालत नाही आणि मला ते उचलवलं नाही. माहेर म्हटलं की आता मला तो कप्पा दिसतो, आणि मान आपोआप खाली जाते.