तकरार बिलकुल फोकट

ही गोष्ट माझ्या बायकोलाबी ठाऊक न्हाई — अन् तिला तर माझ्या पोटातला गॅससुद्धा माझ्याआधी कळतो! आज तुम्हाला सांगून राह्यलो. का, ते विचारू नका.

मी जालना जिल्ह्यातल्या वाटूरचा. रिक्षावर भोंगा लावून पुकारत फिरतो — निवडणूक असो, साड्यांचा सेल असो, कुणाची हरवलेली म्हैस असो. आपला आवाज म्हंजे आवाज! अन् हिंदी? हिंदी तर आपल्या जिभेवर खेळती, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. दुसरं कुणी कधी म्हणलं न्हाई.

तर जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांमागं बाहेरच्या मजुरांच्या खोल्या हायेत. बिहारचे, यूपीचे पोरं. कुणाचा पगार अडकलेला, कुणाला ठेकेदारानं हाकललेलं. अशांना फुकट सल्ला द्यायला एक वकीलबाई दर रविवारी तिथल्या मारुतीच्या पारावर बसणार होत्या. "काका, त्यांच्या भाषेत पुकारा, म्हंजे न भिता येतील," त्या म्हणल्या. मी म्हणलं, मॅडम, काळजीच सोडा.

मंग आठवडाभर पुकारलं — "भाईयों, वकील मैडम के पास आओ! दिल खोलके तकरार करो! तकरार बिलकुल फोकट!"

पहिल्या रविवारी किती आले? एक. तोबी झोकांड्या खात. बाह्या वर करून बाईंसमोर बसला, घसा सुकेपर्यंत त्यांच्यावर ओरडला, त्यांनीच दिलेलं पाणी पिला अन् "मजा आया" म्हणून निघून गेला. बाई माझ्याकडं बघून राह्यल्या, मी मारुतीकडं.

मला तेव्हा खरंच काही कळलं न्हाई. इथपर्यंत मी निर्दोष हाये — पण गोष्ट इथंच संपली असती तर तुमचं डोकं कशाला खाल्लं असतं?

दुसऱ्या रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर सरजू आला. बिहारचा. भट्टीवर त्याचा हात भाजल्ता, कोपरापर्यंत पट्टी. दवाखान्याचा खर्चा द्यायचं सोडून ठेकेदारानं त्याला गावाकडं जा म्हणून सांगितल्तं. त्याच दिवशीची गाडी होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणला, "चाचा, मैडम से झगड़ा करना जरूरी है क्या? हमको तो बस पूछना था."

झगडा? — अन् कुणी टकुऱ्यावर हाणल्यासारखा उजेड पडला. आपल्याकडं तक्रार म्हंजे गाऱ्हाणं. त्यांच्याकडं तकरार म्हंजे भांडण! आठवडाभर मी गल्लोगल्ली बोंबलत फिरल्तो — वकीलबाईंशी भांडायला या, फुकटात या!

सांगायचं काय होतं? बाबा, माझी चुकी झाली, बाई लई चांगल्या हायेत, तो बघ समोर पार. पण टपरीवर चार जण कान देऊन उभे होते. टपरीवाला तर आधीच मला 'हिंदीचे मास्तर' म्हणून चिडवायचा. हसले असते. नुसते हसले असते — दुसरं काय?

मी चहाचा घोट घेतला अन् म्हणलो, "हां, करना तो पड़ता है."

"हमसे नहीं होगा, चाचा." भाजलेला हात पोटाशी धरून त्यानं एका हातानंच मला नमस्कार केला, अन् गेला.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "काका, बराबर पुकारलं ना?" मी म्हणलो, "बिलकुल! हे लोकच भित्रे हायेत." भित्रे! हे कोण म्हणलं? मी!

पुढच्या आठवड्यात गुपचूप शब्द बदलला. शिकायत. बस, एवढंच. पारावर पाय ठेवायला जागा उरली न्हाई. मंग बाईंनी माझा सत्कार ठेवला — शाल, नारळ, अन् वरून भाषण, की काकांच्या हिंदीमुळं माणसं आली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. नारळाच्या वड्या बायकोनं केल्या, त्या मीच जास्त खाल्ल्या.

शाल कपाटात हाये. थंडीत बायको म्हणती अंगावर घ्या, मी म्हणतो उकडून राह्यलं. सरजू कोणत्या गावचा, हे मी विचारलंबी न्हवतं. त्याला फक्त विचारायचं होतं. पार टपरीच्या समोरच होता.