डाव्या हाताने केलेला क्रूस

तळ्याला अर्धा वळसा घालून झाला होता. इर्लीनबाई पुन्हा थबकल्या.

“शेगडी बंद केली ना गं मी?”

“केलीत. मी पाहिलं.”

“आणि मागचं दार?”

“तेही लावलंत.”

“मग काहीतरी उघडं राहिल्यासारखं का वाटतंय मला?” असं म्हणत त्या पुढे निघाल्यासुद्धा.

रविवारी चर्चमधून सुटलं की गिरणीच्या तळ्याभोवती एक फेरी, हा आमचा जुना शिरस्ता. एरवी त्या रमतगमत चालतात. कुणाच्या अंगणात भोपळे धरलेत, कुणाचे सडलेत, सगळं बघत. आज मात्र पायाला भिंगरी लागली होती. गुडघ्यांच्या नावाने रोज बोटं मोडणारी बाई मला मागे टाकून चालली होती.

इर्लीन पॅजेट म्हणजे सत्तरी ओलांडलेली विधवा. उभं आयुष्य सूतगिरणीत गेलं. आधी नवरा गेला, मग गिरणी बंद पडली. मूलबाळ नव्हतं. रिकामं घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी बेसबॉलची पोरं ठेवून घ्यायला सुरुवात केली. आमच्या गावच्या टीमचं नाव हेरन्स, पण टीम आमची म्हणायची एवढंच. मालकी दूरच्या एका बड्या क्लबची. तो क्लब दर वसंतात कोवळी पोरं आमच्याकडे पाठवतो, उन्हाळाभर खेळवतो आणि सप्टेंबरात पाखडून घेतो. दाणे वर जातात, फोलपटं घरी. पगार तुटपुंजा, म्हणून पोरं गावातल्या घरांतून राहतात, आणि ज्याच्या घरात राहतात त्याचीच होऊन जातात.

यंदा इर्लीनबाईंकडे विल्किन होता. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या उसाच्या गावचा, वीस वर्षांचा, उजव्या हाताने चेंडू फेकणारा पिचर. पहिल्या आठवड्यात तो काही खाईना. मग बाईंनी त्याच्या आईला, अल्ताग्रासियाला, फोन लावला. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. मध्ये विल्किन उभा. तेवढ्यावर या भात शिकल्या. पातेल्याच्या तळाला खरवड धरेपर्यंत भात ठेवायचा आणि ती खरवड घरातल्या लाडक्याला द्यायची. मेमध्ये विल्किन त्यांना आदराने ‘डोन्या इर्लीन’, म्हणजे इर्लीनबाई, म्हणायला लागला, आणि जूनमध्ये खरवडीचे दोन वाटे व्हायला लागले.

“काल हॉटेलात नाश्त्याला गेले होते,” बाई चालता चालता म्हणाल्या. “ब्यूफर्ड आणि त्याची म्हाताऱ्यांची टोळी बसलेली. पावात कलेजीची वडी घालून खातायत आणि पोरांना गुण वाटतायत!”

गुणांची ती पद्धत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीसपासून ऐंशीपर्यंत. पन्नास म्हणजे बरा, साठ म्हणजे लक्ष ठेवा, सत्तर म्हणजे जिवापाड जपा. क्लबवाले हंगाम संपला की प्रत्येक पोराच्या फेकीला, पळण्याला, फटक्याला असे गुण लावतात. आणि मग आमचे म्हातारे, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं, तेही लावतात.

“ब्यूफर्ड म्हणाला, दोन नंबरच्या कॅचरला वीस, तेही आईच्या तोंडाकडे बघून. मी म्हटलं, तुझ्या बायकोने तुला किती दिले असते रे? तर टोळी खिदळली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो कसा, ‘मिस इर्लीन, तुमचा पोरगा मात्र सत्तर. तो हात सोन्याचा आहे. पुढच्या वर्षी टीव्हीवर बघाल!’ सगळ्यांनी माझ्यासाठी कप उचलले गं. मी माझा कप तसाच ठेवून उठले.”

का उठल्या, ते मला माहीत होतं. ऑगस्टपासून त्या एकट्याच वाहत होत्या ते ओझं त्यांनी बुधवारी माझ्या स्वयंपाकघरात उतरवलं होतं.

इर्लीनबाई बाप्टिस्ट, विल्किन कॅथलिक. जेवायला बसलं की बाई डोळे मिटून प्रार्थना म्हणायच्या आणि त्यांचं ‘आमेन’ झालं की तो कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण करायचा. बाईंच्या घरात असली पद्धत कधी नव्हती, म्हणून सुरुवातीला त्या एक डोळा किलकिला करून बघायच्या. मग ती खूण त्यांना आवडायला लागली. आणि म्हणूनच ऑगस्टातल्या एका जेवणाला त्यांना काहीतरी खटकलं. पोराने क्रूस डाव्या हाताने केला होता.

दुसऱ्या दिवशीही डाव्यानेच. काटाही डाव्या हातात. बाईंनी मुद्दाम भाताचं जड पातेलं त्याच्या उजवीकडून पुढे केलं. त्याने अख्खं अंग वळवून ते डाव्या हाताने घेतलं.

“उजवा हात दाखव,” बाई म्हणाल्या.

“काही नाही, डोन्या. झोपेत अवघडला.”

“तुझ्यापेक्षा मोठमोठे खोटारडे मी गिरणीत बघितलेत. दाखव.”

पिचिंग केल्याच्या दुसऱ्या दिवशी तो हात कपाळापर्यंत जात नव्हता. कोपर आतून सुजलेलं. विल्किन कुणाकडून तरी गोळ्या घेत होता आणि मैदानावर हसत होता. फेक थोडी मंदावली होती, पण हंगामाच्या अखेरीला सगळ्यांचेच हात थकतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. क्लबला दुखणं कळलं तर डॉक्टर येणार, कोपराचं ऑपरेशन करणार, वर्षभर खेळ बंद. आणि विल्किनला क्लबने स्वस्तात उचललेला. लंगड्या शिंगराला वर्षभर चारा कोण घालणार? सरळ घरी पाठवतील. तिकडे त्याच्या पैशांवर घराला छप्पर चढत होतं. तो बाईंच्या पायाशी बसून रडला आणि बाईंनी शब्द दिला, कुणाला सांगणार नाही.

हंगाम संपला. बसस्टँडवर त्याने बॅग डाव्या हाताने उचलली, डाव्या हातानेच बाईंना जवळ घेतलं आणि तो घरी गेला. पंधरवड्याने क्लबचं फ्लोरिडात शिबिर आहे. तिथे तो पुन्हा फेकणार.

आणि उद्या सकाळी ग्रीलीसाहेबांचा फोन येणार. पोरांचे गुण ठरवणारे ते हेच. वही बंद करण्याआधी ते दर वर्षी ज्या त्या घरच्या बाईला फोन करतात. पोरगा पितो का, रात्री घरी येतो का, हरल्यावर कसा वागतो, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: ‘आम्हाला माहीत असावं असं आणखी काही?’

“दर वर्षी मी म्हणते, काही नाही साहेब, गुणी पोर आहे, भरपूर जेवतो,” बाई म्हणाल्या. “तीन वाक्यं. यंदा त्यातलं पहिलंच खोटं आहे.”

“विल्किनशी बोललात का पुन्हा?”

“आज सकाळीच. म्हटलं, बाबा, मला मोकळी कर, मी सांगते त्यांना. तर म्हणतो, ‘डोन्या, तुम्ही शब्द दिलाय. शिबिर तेवढं होऊ दे, मग मीच सांगतो.’” त्या थांबल्या. तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “हॉइटही हेच म्हणायचा. हा शनिवार तेवढा होऊ दे.”

हॉइट म्हणजे त्यांचे यजमान. तरुणपणी गिरणीच्या टीमचे पिचर. तेव्हा गिरण्यागिरण्यांत सामने व्हायचे आणि शनिवारी अख्खं गाव लोटायचं. त्यांचाही हात दुखायला लागला होता. त्यांनीही बायकोकडून शब्द घेतला होता, कारण पिचरला गिरणीत हलकं काम मिळायचं. बाईंनी तो शब्द पाळला. चाळिशीला हॉइटचा हात खांद्याच्या वर जाईना, कोपर सरळ होईना. पुढे मरेपर्यंत त्यांचे केस बाईंनी विंचरले, गळ्याचं बटण बाईंनी लावलं. शवपेटीत निजवलं तेव्हाही तो हात वाकडाच राहिला.

“लोक म्हणायचे, काय बायको आहे, नवऱ्याचे केससुद्धा विंचरते! मला कौतुक वाटायचं माझं. एकदा तोंड उघडलं असतं तर कंगवा हातात धरावा लागला नसता, हे कुणाला सांगू?”

“मग झालं तर. उद्या सांगून टाका.”

“सोपं आहे म्हणायला!” त्या एकदम उसळल्या. “आणि पोराला काढून टाकलं तर? तिकडे ती बाई अर्ध्या छपराखाली बसून म्हणेल, या गोऱ्या म्हातारीला मी भात शिकवला आणि तिने माझ्या लेकराच्या पोटावर पाय दिला. मी काय तोंड दाखवू तिला?”

“हात गेला तर काय दाखवाल?”

बोलण्याच्या नादात आम्ही मैदानाच्या मागच्या बाजूला आलो होतो. फाटकाला साखळी. फलक उतरवलेले, खुर्च्या पालथ्या. मधोमध पिचरचा मातीचा उंचवटा ताडपत्रीने झाकलेला. बाईंनी जाळीत बोटं अडकवली आणि बराच वेळ त्या ताडपत्रीकडे पाहत राहिल्या. मग जाळी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली.

“आणखी एक फेरी मारायची?” मी विचारलं.

“नको. चालून काही फिटत नाही हे.” पर्समधून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. मग माझं मनगट धरलं. गिरणीत धागे जोडलेली बोटं, पकड अजून घट्ट आहे. “ऐक. उद्या नाश्ता झाला की माझ्याकडे ये. फोन यायच्या आत. टेबलाशी माझ्या समोरच्या खुर्चीत बस, विल्किन बसायचा तिथे. बोलू नकोस, मान हलवू नकोस, कॉफीसुद्धा मागू नकोस. नुसती माझ्याकडे बघत बस.”

“अहो, पण देव आहे ना बघायला?”

“तो तर रोजच समोर बसलेला असतो गं,” इर्लीनबाई म्हणाल्या. “पण त्याची मला इतकी सवय झालीय, की त्याच्यादेखत मी खुशाल खोटं बोलते. तुझ्यादेखत जमायचं नाही. येशील ना?”