दोरीच्या पुलावरची कुरी

दहाव्या भागाची संहिता शुक्रवारी सकाळी परत आली, आणि चौदाव्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती : ‘असा प्रसंग मूळ खेळात नाही.’

चिझुरू कुदोला आधी हसूच आलं. नाही म्हणे! खेळ बनवणाऱ्या कंपनीत आता अशी माणसं बसलीत की त्यांना आपलाच खेळ ठाऊक नाही. तिनं चहा ओतला, धुरी दिलेल्या मुळ्याची एक चकती तोंडात टाकली आणि खालचा शिक्का पाहिला. शिक्का सेकिने यांचा होता. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या चौघांनी मिळून हा खेळ बनवला, त्यांतले ते एक. मग मात्र तिनं चहा बाजूला सारला.

चिझुरू एकोणपन्नास वर्षांची. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कार्टून मालिकांचे सुटे भाग लिहून तिनं पोट भरलं होतं. कुणाचा सहावा भाग अडला, बोलवा कुदोला. कुणी लेखक रुसून गेला, बोलवा कुदोला. अख्खी मालिका तिच्या हातात कुणी कधी दिली नव्हती. ती दिली गेल्या वर्षी, आणि तीही कोणती, तर ‘दिवेकरीण’ या जुन्या व्हिडिओ गेमवरची! तिनं लहानपणी अक्षरशः जगलेला तो खेळ. एक मुकी मुलगी हातात कंदील घेऊन गावोगाव विस्तव पोचवते, सोबत तिची कुत्री कुरी. बस, एवढंच. पण तेवढ्यासाठी चाळिशी-पन्नाशीतली माणसं आजही डोळे पुसतात.

पहिल्या बैठकीत निर्माता निशिवाकी म्हणाला होता, “कुदोसान, या खेळाचे चाहते फार कडक आहेत हं. मागे एका मालिकेनं खेळात नसलेला राजपुत्र घुसडला, तर लोकांनी स्टुडिओचं जिणं हराम केलं.”

“मी खेळात नाही असं एक पानही हलू देणार नाही,” चिझुरू छाती ठोकून म्हणाली होती. “लिहून घ्या. मूळ खेळात नाही ते मालिकेत नाही. मला खेळ पाठ आहे, सत्तर वेळा संपवलाय मी.”

त्यानं खरोखरच लिहून घेतलं. करारातच टाकलं. मुक्या मुलीला मालिकेत बोलावं तर लागणार, तर चिझुरूनं तिला बारा भागांत मिळून चाळीस वाक्यं दिली, तीही मोजून मापून. सगळे खूश होते. कंपनीकडून नऊ भाग जवळजवळ शेऱ्याविना परत आले होते. आणि आता हे दहाव्या भागाचं चौदावं पान.

त्या पानावर होतं काय? तर दोरीचा पूल. खाली दरी, धुकं. कुरी पुलाला घाबरते, अलीकडेच बसून राहते. मुलगी एकटी पलीकडे जाते. आणि मग, थोडं थांबल्यावर, कुरी पूल ओलांडून धावत येते. चिझुरूची सगळी मालिका या एका धावत येण्यावर उभी होती. अकराव्या भागात कुरीच विझलेला विस्तव शोधून काढते, बाराव्यात ती मुलीच्या पायाशी झोपलेली असते. कुरी आली नाही, तर पुढचे दोन भाग धडाधड कोसळणार.

इतर लोक इंटरनेटवर लिहायचे की कुरी पुलाशीच मागे सुटते, ती परत दिसत नाही. चिझुरू ते वाचून मनात म्हणायची, घाई केलीत बाबांनो, थांबला नाहीत. जो पलीकडे थांबतो त्याच्यासाठी कुरी येते. हे तिला तिच्या दादानं सांगितलं होतं.

दादा म्हणजे योशितो. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. अकितातल्या नोशिरो गावी, लाकडाच्या वखारीमागे त्यांचं घर. हिवाळ्यात शाळेतून आलं की दोघं खाली शेगडी बसवलेल्या टेबलात पाय घालून, दुलई कमरेपर्यंत ओढून बसायची. कंट्रोलर नेहमी चिझुरूच्या हातात. पहिल्यांदा कुरी पुलाशी सुटली तेव्हा तिनं असं भोकाड पसरलं की आई पीठ भरल्या हातानं धावत आली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, “तू थांबलीच नाहीस, वेडे. आज पलीकडे जाऊन नीट थांब.” ती थांबली. आणि कुरी आली! पडद्याच्या डाव्या कडेतून शेपूट हलवत आली! त्यानंतर दर वेळी आली. पुढे दादा वखारीत कामाला लागला आणि चिझुरूनं तो खेळ एकटीनं कधी लावलाच नाही.

दुपारी तीनला बैठक झाली, कामी-इगुसात, नूडल्सच्या दुकानावरच्या स्टुडिओच्या खोलीत. सेकिने स्वतः आले होते. सत्तरीचे, बारीक, गुडघ्यावर पिशवी. पिशवीत ते खेळाचं जुनं यंत्र घेऊन आले होते.

“सेकिनेसान, तुम्ही विसरलात,” चिझुरू बसता बसताच म्हणाली. “कुरी येते. थांबावं लागतं.”

“किती थांबू?” त्यांनी शांतपणे विचारलं आणि खेळ लावला. मुलगी पलीकडे गेली. एक मिनिट गेलं. पाच गेली. खालून तळणाचा वास येत होता. दहा मिनिटं झाली तेव्हा निशिवाकीनं घड्याळाकडे पाहिलं.

“तुमचं यंत्र बिघडलंय!” चिझुरू ओरडली. आपण वयानं एवढ्या मोठ्या माणसावर ओरडतोय हे तिला कळत होतं, पण थांबवत नव्हतं. “मी पाहिलंय हो! एकदा नाही, सत्तर वेळा पाहिलंय! खोटं बोलते का मी?”

“नाही,” सेकिने म्हणाले. “तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तर मी आलो.” त्यांनी यंत्राला जोडलेला दुसरा कंट्रोलर उचलून टेबलावर ठेवला. “आधी हा खेळ आम्ही दोघांसाठी करत होतो. दुसऱ्यानं कुत्री चालवायची. नंतर बेत बदलला, पण पुलाच्या पडद्यावर ते काढायचं राहून गेलं. आमची चूक. कुणाला सांगितली नाही आम्ही.” मग त्यांनी विचारलं, “कुदोसान, खेळताना तुमच्याशेजारी कुणी बसायचं का?”

दादाचे हात! दादाचे हात कायम दुलईत असायचे. ती त्याला चिडवायची, “काय म्हाताऱ्यासारखा थंडीला घाबरतोस रे!” तो नुसता हसायचा. आणि पुलावर तो तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटायचा, सात, थांब, चार. तिला वाटायचं आपलं लक्ष उडावं म्हणून करतोय. ती खेकसायची, “गप बस की रे, दादा!” मग तो गप बसायचा.

“भाऊ,” ती कशीबशी म्हणाली. “माझा भाऊ बसायचा.”

“मग त्यांनीच आणली कुरीला,” सेकिने म्हणाले.

निशिवाकी खाकरला. “कुदोसान, वाईट वाटतंय मला, खरंच. पण करारातली अट तुमचीच. मूळ खेळात नाही ते मालिकेत नाही. सोमवारी सकाळी स्टोरीबोर्डचं काम सुरू होतंय. तुम्हाला जमणार नसेल, तर मला दुसऱ्या कुणाला तरी—”

“एकट्यानं खेळणाऱ्याला जमलं तर?” चिझुरूनं सेकिनेंचा हातच धरला. “एकाच माणसानं दोन्ही चालवले आणि कुरी आली, तर ते खेळातलंच झालं ना? सांगा ना!”

“एकट्याला जमलं, तर मी सही करतो,” सेकिने म्हणाले, आणि यंत्राची पिशवी त्यांनी तिच्याकडे सरकवली.

शनिवारी सकाळपासून ती बसली. पहिला कंट्रोलर हातात, दुसरा चटईवर, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली. कंदिलाचं बटण सतत दाबून धरायचं, सोडलं की विझला आणि मुलगी दरीत. तेवढ्यात पायानं कुत्री चालवायची. बरं, ती दिसत असती तर गोष्ट वेगळी. मुलगी दहा पावलं पुढे गेली की पडदा तिच्याबरोबर सरकतो आणि कुरी डावीकडे नाहीशी होते. पुलाच्या फळ्या मध्येमध्ये तुटलेल्या. कुठली तुटलेली, कुठे थांबायचं, कुठे उडी मारायची, सगळं आंधळेपणानं. कुरी पडली की एक बारीक आवाज येई, बस. शनिवारी दुपारपर्यंत तिनं तो आवाज दीडशेच्या वर वेळा ऐकला. अंगठ्याला फोड आला. पट्टी बांधून ती पुन्हा बसली.

आणि हे दादा करायचा! दुलईखाली, न पाहता, तेरा वर्षांच्या बहिणीच्या चालीशी चाल जुळवत! ती कधी रेंगाळायची, कधी पळायची, आणि तो हू की चू न करता तिच्यामागून कुरीला आणायचा. कधी शिकला असेल तो हे? ती शिवणाच्या वर्गाला जायची तेव्हा? की तापानं पडली होती तेव्हा? तिनं कधी विचारलं नाही. विचारायला तिला माहीत तरी कुठं होतं!

रविवारी अकरा वाजता आईचा नोशिरोहून फोन आला, नेहमीसारखा. “जेवलीस का गं?”

“आई, दादा दुसरा कंट्रोलर चालवायचा, तुला माहीत होतं?”

“हो की,” आई म्हणाली. “तूच रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. मला म्हणाला, तिला सांगू नकोस हं आई, नाहीतर गंमत जाईल.”

चिझुरूनं फोन कानापासून दूर धरला. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दादानंही असाच फोन केला होता. या वर्षी बर्फ फार आहे, आईच्या छपरावरचा काढायला हवा, तू येशील का शनिवारी, खाली दोर धरायला कुणीतरी लागतं. छपरावर एकट्यानं चढायचं नाही हे नोशिरोत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती म्हणाली होती, “दादा, सोमवारी संहिता द्यायचीय रे. पुढच्या आठवड्यात येते.” तो म्हणाला होता, “बरं, बरं. तू लिही.” त्यानं वाट पाहिली नाही. आईच्या दारावर बर्फ येत होता. चढला एकटाच, आणि खाली पडला तो उठलाच नाही.

तिनं दुपारभर खेळ चालू ठेवला. आता ती सहीसाठी खेळत नव्हती. कशासाठी खेळत होती, तिलाही सांगता आलं नसतं. एकदा कुरी बरीच पुढे आली असावी, कारण आवाज उशिरा आला. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, “दादा, आण ना रे तिला. एकदाच आण.” शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर टकटक केलं. चारच्या सुमाराला तिनं यंत्र बंद केलं, फोड धुतला आणि कागद पुढे ओढला.

चौदाव्या पानावर तिनं लिहिलं : मुलगी पलीकडे थांबते. कुरी येत नाही. मुलगी पुढे जाते.

अकराव्या आणि बाराव्या भागातून कुरीला काढायला पुढचे तीन दिवस गेले. निशिवाकीनं फोनवर तोंड भरून कौतुक केलं. “कुदोसान, हे तर जास्त भिडतंय हो! चाहते रडणार बघा.” ती “हो” म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

गुरुवारी पानं मंजूर होऊन आली. चौदाव्या पानावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. सेकिनेंचा शिक्का होता आणि लिहिलं होतं : ‘आता मूळ खेळाप्रमाणे झालं.’ त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, आणखी काही होतं.

‘कुदोसान, एक खासगी विनंती. तेव्हा आम्ही चौघांनी पैज लावून हा पूल कुरीसकट ओलांडायचा प्रयत्न केला होता. ती पडद्यावर दिसतच नाही, त्यामुळे कुणालाही एकदासुद्धा जमलं नाही. आता आम्ही दोघंच उरलो आहोत. तुमचे बंधू सत्तर वेळा तिला कसे आणत होते, किती पावलांवर थांबवत होते, एवढं त्यांना विचारून कळवाल का?’

चिझुरूनं पेन्सिल उचलली. उत्तराच्या जागी तिनं ‘सात’ लिहिलं. मग ‘थांब’ लिहिलं. मग ‘चार’ लिहिलं. पुढचं आठवायला तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, आणि तिला ऐकू आला तो तिचाच आवाज, तेरा वर्षांच्या पोरीचा, कावलेला : “गप बस की रे, दादा!”